भर कामात बंद पडणारे इंजिन आणि नव्या मोंढ्यालगतचे दुरुस्तीचे दुकान

जालन्याच्या नव्या मोंढ्यालगत फवारणी पंप, पॉवर विडर (तण काढणारे इंजिनाचे यंत्र) आणि पाण्याचे छोटे इंजिन दुरुस्त करणारे एक दुकान आहे. कापसाच्या कोळपणीच्या दिवसांत तेथील फिटरने आमच्या पॉवर विडरचा दोष ज्या पद्धतीने शोधला, ती पद्धत शेतकऱ्यांनी मुद्दाम जाऊन पाहावी अशी आहे.

यंत्र दोरी ओढताच सुरू होई, काही वेळ व्यवस्थित चाले आणि मग ओळीच्या मध्येच पिकअप सोडून बंद पडे. थोडे थांबले की पुन्हा सुरू. आधी दुसऱ्या दुकानात काहीही न तपासता नवा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बसवला गेला होता, त्याने फरक पडला नाही. येथे मात्र फिटरने पाना हाती घेण्याआधी दुकानामागच्या मोकळ्या जमिनीत पाती रुतवून यंत्र चालवले, कारण असा दोष इंजिन तापल्यावर आणि भार पडल्यावरच उघडा पडतो. इंजिन घुटमळू लागताच त्यांनी हवा कमी करणारा चोक अर्धा लावला; क्षणभर ताकद परतली, म्हणजे पेट्रोल कमी पोचत होते. बंद पडल्याबरोबर प्लग काढून ठिणगी पाहिली, कारण ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल गरम झाल्यावर दगा देत असेल तर ते त्याच वेळी कळते. ठिणगी निळी आणि जोरदार होती. मग टाकीचे झाकण सैल केले, तेव्हा हवा आत ओढली गेल्याचा ‘स्स’ असा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला. झाकणातले हवेचे बारीक छिद्र काळ्या मातीच्या धुळीने आणि तेलकट मळाने बुजले होते. पेट्रोल खाली उतरेल तसा टाकीतला दाब कमी होऊन पुरवठा तुटत होता.

छिद्र मोकळे केल्यावर त्यांनी फोमचा एअर फिल्टर धुऊन, पिळून, तेलाचा हलका हात लावून बसवला. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते ओलावा धरते, म्हणून हंगाम संपल्यावर टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी, हेही त्यांनी बजावले. कोणताही सुटा भाग न विकता केवळ मजुरी घेतली, याचे मला फार मोल वाटते.

उणीव एकच: पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. केलेल्या कामाची नोंद तिच्यावर आग्रहाने लिहून घ्यावी.