पुण्याचे शेतकरी आठवडे बाजार: काय डोळे मिटून घ्यावं, काय पारखून घ्यावं

आधी निकाल सांगतो. पालेभाजी, पावसाळी वाटाणा, पुरंदरची सीताफळं-अंजिरं, मावळातला इंद्रायणी तांदूळ आणि साठवणीचा कांदा या गोष्टींसाठी पुण्यात शेतकरी आठवडे बाजाराइतकी चांगली जागा नाही. सफरचंद, किवी, आलं, लसूण यांसाठी मात्र तिकडे वाट वाकडी करू नये. तो माल तिथेही बहुतेकदा घाऊक बाजारातूनच येतो, आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापेक्षा स्वस्त असेलच असं नाही.

हे बाजार आज दिसतात तसे पसरले ते 2016 पासून. त्या वर्षी राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, म्हणजे आवाराबाहेर थेट विकायला शेतकऱ्याला मुभा मिळाली. समितीच्या आवारात विकल्यावर शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापली जाणारी आडतही (अडत्याचं कमिशन) खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. पाठोपाठ कृषी पणन मंडळाने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने आठवडे बाजाराचं अभियान सुरू केलं. अरणच्या या संताने मळ्यातच विठ्ठल पाहिला, त्यामुळे याहून योग्य नाव सापडलं नसतं. कोथरूड, औंध, बाणेर, पिंपरी-चिंचवड अशा भागांत हे बाजार ठरल्या वारी भरतात, काही सकाळी तर काही दुपारनंतर.

बाजाराची रचना समजली की खरेदी सोपी होते. प्रत्येक गाळ्यावर एकटा शेतकरी उभा असेल, अशी अपेक्षा धरू नका. बहुतेक गाळे शेतकरी गटाचे किंवा शेतकऱ्यांनीच मिळून काढलेल्या उत्पादक कंपनीचे असतात. त्यामागे कारण आहे. भेंडी एक-दोन दिवसांआड आणि गवार तीन-चार दिवसांनी तोडावीच लागते, थांबली की निबर होते. आठवड्यातून एकच दिवस विकणाऱ्याने उरलेल्या तोडण्यांचं काय करायचं? म्हणून आठ-दहा जणांचा माल एका टेम्पोत भरून गट रोज वेगळ्या भागात जातो. तेव्हा गाळ्यावर पंधरा भाज्या दिसल्या म्हणून लगेच व्यापारी समजू नये.

मग ओळखायचं कसं? गावाचं आणि पिकाचं विचारा. ‘दादा, वांगी कुठल्या गावची? लागण कधीची? अजून किती तोडे निघतील?’ या तीन प्रश्नांना शेतकरी किंवा गटाचा माणूस सहज उत्तर देतो, आणि बहुतेकदा विचारलं त्याहून जास्त सांगतो. दुसऱ्याचा माल विकणारा ‘सगळं आपल्याच शेतातलं’ म्हणून मोकळा होतो. मालाच्या आकारावरूनही कळतं. एका मापाची, चकचकीत, निवडलेली टोमॅटो म्हणजे प्रतवारी होऊन आलेला माल. शेतातून थेट आलेल्या क्रेटमध्ये लहान-मोठं, थोडं हिरवट, एखादं तडकलेलं असं मिसळून असतं. बिनहंगामी माल तर सरळ खूण आहे. मे महिन्यात कुणी ‘आमच्या गावचा’ म्हणून ताजा वाटाणा विकत असेल, तर ते गाव सह्याद्रीच्या उतारावरचं नाही. पुरंदरचा वाटाणा पावसाळ्यात पेरतात आणि साधारण ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत निघतो. शेंग भरलेली, हिरवी आणि दाबली तर करकरणारी हवी.

भावाबद्दल गैरसमज फार. हा बाजार स्वस्ताईचा नाही, वाजवी भावाचा आहे. उदाहरणादाखल हिशेब मांडतो. टोमॅटोचा 20 किलोचा क्रेट मार्केट यार्डात, म्हणजे घाऊक बाजारात, 400 रुपयांना गेला असं धरा, म्हणजे किलोला 20 रुपये. त्यातून वाहतूक, हमाली, तोलाई जाते. तोच टोमॅटो किरकोळीत 40 रुपये किलोने मिळतो. आठवडे बाजारात 30 रुपये किलोने विकला आणि दोन किलो खराब निघाला, तर क्रेटमागे 540 रुपये होतात. टेम्पोचा वाटा 40 रुपये धरला तरी 500 हातात राहतात. गिऱ्हाइकाचे किलोमागे 10 रुपये वाचले, शेतकऱ्याला क्रेटमागे शंभरावर जास्त मिळाले. पण सहा क्रेटपैकी दोन विकलेच नाहीत, तर हा सगळा फायदा वाहून जातो. दुपारी एकनंतर पाऊस आला की हेच होतं. म्हणून एकेका जुडीवर पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जास्त घ्यायचं असेल तर सरळ विचारावं, ‘मावशी, चार जुड्या घेतल्या तर कसं लावाल?’ तिथे भाव उतरतो, आणि तो उतरवणं त्यांनाही परवडतं.

पालेभाजी हे या बाजाराचं खरं वैभव. मेथी, पालक, चाकवत, चुका, अंबाडी, करडई, राजगिरा, थंडीत हरभऱ्याचा पाला, संक्रांतीच्या आधी भोगीच्या भाजीचं सगळं सामान. आदल्या संध्याकाळी काढलेली पेंडी सकाळी तुमच्या हातात असते. पण जुडीला ठरलेलं वजन नाही, हे लक्षात ठेवा. पावसाळ्यात जुडी बारीक होते आणि भाव तोच राहतो. जुडी हातात घेऊन मधोमध दाबून पाहा. पाणी निथळलं तर ती बुडवून काढलेली आहे. वरून शिंपडलेलं पाणी चालतं, बुडवलेली मेथी मात्र आतून दुसऱ्या दिवशी काळी पडते. घरी आल्यावर जुडी लगेच सोडा, वर्तमानपत्रावर अर्धा तास पसरा, मग कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. मेथी तीन-चार दिवस छान राहते, पालक दोन-तीन. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली पालेभाजी सडते ती स्वतःच्याच घामाने.

पहिल्या पावसानंतर मुळशी, वेल्हे, भोर या बाजूच्या बाया रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटुली. या टोपल्यांसाठी लवकर जावं, कारण माल थोडा असतो आणि जाणकार गिऱ्हाईक पहिल्या तासातच उचलून नेतं. शेवळं घेणार असाल तर सोबत काकडं (आंबट रानफळं) मागून घ्या. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेट असतं, नीट साफ न करता आणि आंबटाशिवाय शिजवली तर घसा खाजतो. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ घाला. भारंगीचा कोवळा पाला कडवट असतो, चिरून, उकडून, पिळून मगच फोडणीला टाकावा. विकणाऱ्या मावशींना कृती विचारायला संकोच करू नये. रांगेतली एखादी आजी मध्येच थांबवून ‘तसं नाही, मूगडाळ घाला त्यात’ म्हणते, आणि बघता बघता टोपलीभोवती पाच जणांचा स्वयंपाकवर्ग भरतो. मॉलच्या भाजी विभागात हे कधी घडत नाही.

कांद्याकडे वळू. वर्षाचा कांदा भरायचा तर एप्रिल-मेमध्ये जुन्नर, शिरूर, खेडकडचा उन्हाळी कांदा घ्यावा. मान बारीक आणि वाळलेली, वरचं साल दोन-तीन पदरी, हातात घट्ट. जाड मानेचा कांदा कितीही स्वस्त मिळाला तरी भरू नका, तो मानेतूनच सडायला लागतो. पावसाळ्यात लावलेला, दिवाळीच्या मागेपुढे येणारा लाल कांदा टिकतच नाही, तो पंधरा दिवसांत संपवायचा. पोत्यात गच्च भरून ठेवण्यापेक्षा जमिनीवर पातळ थर करून, हवा खेळेल असा पसरावा.

तांदळात फसवणूक होते ती आंबेमोहोराच्या नावाने. खरा आंबेमोहोर आखूड दाण्याचा आणि महाग. इंद्रायणीच्या भावात तो मिळत असेल तर घेऊ नका. पाव किलो घेऊन घरी शिजवून पाहा, वास आला तरच पुढच्या आठवड्यात पोतं सांगा. नव्या इंद्रायणीला पाणी बेताचं लागतं, वाटीला पावणेदोन वाट्या पुरे.

‘विषमुक्त’, ‘सेंद्रिय’, ‘गावरान’ या पाट्यांबाबत आम्ही कडक आहोत. सेंद्रियचं प्रमाणपत्र दोन रीतींचं असतं. एक तिऱ्हाईत संस्थेकडून तपासणीचं, दुसरं पीजीएस-इंडिया, ज्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. पीजीएसमध्ये ‘ग्रीन’ म्हणजे जमीन अजून रासायनिकाकडून सेंद्रियाकडे बदलाच्या काळात आहे, ‘ऑरगॅनिक’ म्हणजे तो काळ पूर्ण झाला. छोट्या शेतकऱ्याला थेट विक्रीसाठी प्रमाणपत्रातून सवलत आहे, त्यामुळे कागद नाही म्हणजे खोटं असं नव्हे. तेव्हा प्रश्न बदला. ‘शेवटची फवारणी कधी झाली, कशाची?’ औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जावेत ते छापलेलं असतं. ते पाळणारा शेतकरी तारीख सांगतो. फ्लॉवर, कोबी, वांगी, द्राक्षं यांच्या बाबतीत हा प्रश्न चुकवू नये. पिवळाधमक ‘सेंद्रिय’ गूळही नको. तो रंग बहुधा रस निवळायला वापरलेल्या रसायनाचा असतो.

बचत गटांचे गाळे सहसा कडेला असतात. थालीपीठाची भाजणी, कुरडया, लोणची, काळा मसाला. पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 आकडी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख पाहा. भाजणी महिन्याभरापूर्वीची असेल तर सोडून द्या. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून आठवडाभर आधी मागणी सांगितली तर बरेच गट ताजी भाजणी दळून आणतात. गटालाही किती दळायचं ते आधी कळतं आणि माल उरत नाही.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. बऱ्याच ठिकाणी विकणाऱ्यांसाठी स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी नाही. पहाटे चारला निघालेल्या बायका दुपारपर्यंत तशाच बसून राहतात. महापालिकेने यात लक्ष घातलंच पाहिजे. सावली नसल्यामुळे उन्हाळ्यात अकरानंतर पालेभाजी मान टाकते. मोकळं मैदान दुसऱ्या कार्यक्रमाला दिलं की बाजार रस्त्याच्या कडेला सरकतो, दुचाकी आडव्या लागतात आणि हातगाडीवाले, शेतकरी सगळे एकात एक मिसळतात. तराजूंचंही तेच. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन विभागाचा त्या वर्षीचा शिक्का हवा, तो सगळीकडे दिसत नाही. माल ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का, एवढं तरी पाहून घ्या.

अंजिराच्या दिवसांत जाणार असाल तर उथळ डबा सोबत न्या. अंजीर झाडावरच पिकतं, तोडल्यावर टणक फळ गोड होत नाही, म्हणून मऊ, देठाशी किंचित सुरकुतलेलंच घ्यायचं. ते एकावर एक न रचता एकाच थरात ठेवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. सीताफळाचं उलटं आहे. डोळे उघडलेलं, फटींत पांढुरकी-पिवळसर झाक आलेलं पण टणक घ्या, घरी दोन-तीन दिवसांत पिकतं.