श्रमयोगी मानधन योजना : सरकारचा निम्मा वाटा आणि वर्षभराचा अनुभव

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई गेल्या वर्षी पस्तिशीत असताना प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेच्या सभासद झाल्या. नोंदणीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सेवा केंद्रात गेले होते आणि त्यानंतर त्यांच्या खात्यातून जाणाऱ्या प्रत्येक हप्त्यावर आम्ही दोघींनी लक्ष ठेवले आहे. त्या बळावर हे परीक्षण लिहीत आहे.

असंघटित क्षेत्रातील ज्या कामगारांचे मासिक उत्पन्न 15,000 रुपयांपर्यंत आहे, वय 18 ते 40 च्या दरम्यान आहे, ज्यांना भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा किंवा राष्ट्रीय पेन्शन प्रणालीचा लाभ नाही आणि जे आयकर भरत नाहीत, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने 2019 मध्ये ही योजना आणली. नोंदणीच्या वयानुसार दरमहा 55 ते 200 रुपये भरायचे, तेवढीच रक्कम सरकारने घालायची आणि साठाव्या वर्षापासून दरमहा 3,000 रुपये निवृत्तिवेतन मिळायचे, असा हा व्यवहार आहे. पस्तिसाव्या वर्षी हप्ता 150 रुपये पडतो. म्हणजे बाई पंचवीस वर्षांत स्वतःचे 45,000 रुपये भरतील आणि निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर ही रक्कम पंधरा महिन्यांत त्यांच्या हाती परत येईल. पाच घरची कामे करणाऱ्या बाईला इतक्या कमी हप्त्यात आयुष्यभराचे निवृत्तिवेतन अन्यत्र कुठे मिळत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

नोंदणी सोपी आहे. आधार कार्ड आणि बचत खात्याचे पासबुक एवढेच लागले, पहिला हप्ता रोख भरला आणि अर्ध्या तासात श्रमयोगी कार्ड छापून हातात आले. परंतु केंद्रावरच्या मुलाने ‘तुम्ही दीडशे टाका, सरकार दीडशे टाकतं, तीनशे जमा होतात’ एवढ्या एका वाक्यात योजना सांगून संपवली, आणि माझी खरी तक्रार तिथूनच सुरू होते. दोन महिन्यांनी बाई पासबुक घेऊन आल्या, हप्त्याच्या नोंदीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “काकू, माझे दीडशे गेलेले दिसतात, सरकारचे दीडशे कुठे आहेत?”

प्रश्न अगदी रास्त होता. सरकारचा वाटा सभासदाच्या बँक खात्यात येतच नाही. भारतीय आयुर्विमा महामंडळ या योजनेचा निधी सांभाळते, आणि सभासदाच्या हप्त्याबरोबर सरकारचा वाटा त्या निधीत जमा होतो. तो वाटा सभासदाला साठाव्या वर्षानंतर निवृत्तिवेतनाच्या रूपानेच मिळतो, एरवी नाही. दहा वर्षे पूर्ण होण्याआधी योजना सोडली तर स्वतः भरलेली रक्कम बचत खात्याच्या दराने व्याजासह परत मिळते. दहा वर्षांनंतर पण साठीच्या आत सोडली तर स्वतःच्या रकमेवर निधीने मिळवलेले व्याज किंवा बचत खात्याचे व्याज, यांपैकी जे जास्त असेल ते मिळते. सरकारचा वाटा यांपैकी कोणत्याही वेळी हाती येत नाही. म्हणून ‘तीनशे जमा होतात’ हे वाक्य खोटे नसले तरी ऐकणाऱ्याची समजूत चुकीची करून देणारे आहे. हे तीनशे रुपये आपल्या नावावरची शिल्लक आहे असे बाईंना वाटत होते, आणि मुलीच्या लग्नाला अडचण आली तर काढता येतील असा त्यांचा हिशेब होता.

अटल पेन्शन योजनेत सरकारने असाच वाटा दिला होता, परंतु तो मर्यादित होता. सुरुवातीच्या काळात सामील झालेल्या पात्र सभासदांना पाच वर्षांपुरते, भरलेल्या रकमेच्या निम्मे किंवा वर्षाला 1,000 रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळाले. आज तिथे नव्याने जाणाऱ्याला सर्व रक्कम स्वतःच भरावी लागते. पस्तिसाव्या वर्षी 3,000 रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी अटल पेन्शनमध्ये दरमहा 543 रुपये पडतात, तर इथे दोन्ही वाटे मिळून 300 होतात. हा फरक का, हे मुळातून समजून घेण्यासारखे आहे. अटल पेन्शनमध्ये सभासद आणि जोडीदार दोघांच्या पश्चात साठलेला निधी वारसाला मिळतो, आणि 3,000 रुपयांच्या निवृत्तिवेतनाला तो सुमारे 5.1 लाख रुपये धरलेला आहे. श्रमयोगी योजनेत जोडीदाराला निम्मे, म्हणजे 1,500 रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, पण त्याच्या पश्चात शिल्लक निधी योजनेकडे परत जातो आणि मुलांना काही मिळत नाही. बाई विधवा आहेत आणि पदरी एक मुलगी आहे. त्यांच्यासारखीला ही अट सर्वांत आधी सांगायला हवी होती. ती सांगितली गेली नाही, आणि नोंदणीच्या वेळी मलाही ती ठाऊक नव्हती, याचे मला वाईट वाटते.

दुसरी उणीव महागाईची. 3,000 हा आकडा ठरलेला आहे, तो वाढत जाण्याची तरतूद नाही. दरसाल 6 टक्के महागाई धरली तर पंचवीस वर्षांनंतरच्या 3,000 रुपयांत आजच्या सुमारे 700 रुपयांचे सामान येईल. तेवढ्यात औषधपाणी निभेल, घर चालणार नाही. सरकारने वाटा देण्याचे तत्त्व स्वीकारले आहे, तर तो महागाईच्या प्रमाणात वाढवण्याचाही विचार व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

हप्ते आपोआप वळते होतात ही सोय चांगली असली तरी खात्यात पैसे आहेत की नाही हे आपणच पाहावे लागते. गणपतीच्या महिन्यात बाईंच्या खात्यात दीडशे रुपयेही नव्हते, हप्ता चुकला आणि बँकेने वर दंडही कापला. थकलेले हप्ते दंडासह भरून खाते पुन्हा सुरळीत करता येते, तसे आम्ही केले. आता पगार होताच पहिल्या आठवड्यात त्या दोनशे रुपये त्या खात्यात टाकतात आणि ते खाते घरखर्चाला वापरत नाहीत.

एवढे कळल्यावरही बाईंनी योजना सोडलेली नाही. साठीपर्यंत टिकायचेच, असे ठरवून त्या हप्ता भरतात, आणि अडीअडचणीसाठी भिशी वेगळी ठेवली आहे. त्यांची मुलगी येत्या जूनमध्ये अठरा वर्षांची होईल. तिच्यासाठी 55 रुपयांचा हप्ता सुरू करायचा की अटल पेन्शनकडे जायचे, याचा हिशेब आम्ही दोघी सध्या कागदावर मांडत आहोत.