रात्री साडेदहाचा बॅकअप: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, गरब्याचे पास, मराठी आणि गुजराती दोन्ही. दुकानात एक कॉम्प्युटर, एक लॅपटॉप आणि जवळजवळ ४०० जीबी फायली. रोज संध्याकाळी तयार पीडीएफ मकरपुऱ्याच्या छापखान्यात पाठवायच्या आणि रात्री सगळ्याचा बॅकअप घ्यायचा, एवढंच काम. पैसे न भरता ते नीट होतं का, हे गेले नऊ महिने मी पाहते आहे. होतं, पण सॉफ्टवेअर निवडताना मी आधी भलत्याच गोष्टी बघत होते.

सुरुवात केली रोबोकॉपी या फायली कॉपी करणाऱ्या कमांडपासून, कारण ते विंडोजमध्येच असतं. 'मिरर' पर्याय लावला, टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) वेळ दिली आणि बाहेरच्या डिस्कवर रोज नक्कल होऊ लागली. एका शनिवारी आमच्या मुलाकडून (दुकानात मदतीला असतो, हुशार आहे) एका मंडळाचं अख्खं फोल्डर चुकून पुसलं गेलं. लक्षात आलं मंगळवारी. तोवर डिस्कवरूनही ते गेलं होतं. रोबोकॉपीने सांगितलं तेच केलं: मूळ जागी जे नाही ते नकलेतूनही काढायचं. ६४ पानांची स्मरणिका आम्ही दोघांनी प्रुफांच्या कागदांवरून पुन्हा टाइप केली. त्या चार रात्री मला अजून आठवतात.

मग मिरर काढून फक्त नवीन फायली कॉपी करायला लावल्या. आणि दुसरी गोष्ट घडली, जी मला पहिलीपेक्षा गंभीर वाटते. लॅपटॉपवरचा बॅकअप १९ दिवस झालाच नव्हता. टास्क शेड्युलरमध्ये 'चार्जिंगला लावलेलं असेल तरच चालव' ही खूण आधीपासूनच असते, आणि आमचा लॅपटॉप रात्री चार्जरवर नसायचा. मी रोज निकालाचा रकाना बघत का नव्हते? कारण रोबोकॉपीचा निकाल शून्य नसला तरी चूक झालेली नसते. १ म्हणजे फायली व्यवस्थित कॉपी झाल्या; ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच बिघाड. शून्याशिवायचे आकडे बघायची सवय झाली आणि मी तो रकाना बघणंच सोडलं.

तेव्हापासून कुठलंही मोफत सॉफ्टवेअर घेताना मी दोनच प्रश्न विचारते. काम झालं नाही तर मला कळेल का? आणि तीन आठवड्यांपूर्वीची फाइल परत मिळेल का?

फ्रीफाइलसिंक मला आजही आवडतं. दोन फोल्डर शेजारी शेजारी दाखवून काय जाणार, काय पुसलं जाणार हे आधी दिसतं. पुसलेल्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसह ठेवायची सोयही आहे. ज्यांना कमांड लिहायची भीती वाटते त्यांनी इथून सुरू करावं. वेळापत्रक मात्र त्याचं स्वतःचं नाही, त्यासाठी पुन्हा टास्क शेड्युलरच लागतो. सिंकथिंगही पाहिलं. दोन मशिनं एकसारखी ठेवायला ते उत्तम, पण एका जागी पुसलेलं दुसऱ्या जागीही पुसलं जातं, म्हणून बॅकअपसाठी मी ते धरलं नाही.

छापखान्याला फायली पाठवायला विनएससीपी ठेवलं आहे आणि त्याबद्दल माझी एकही तक्रार नाही. खिडकीत हाताने फाइल पाठवताना मागितलं की तेच काम स्क्रिप्ट म्हणून, म्हणजे आपोआप चालवता येणाऱ्या आज्ञांची यादी म्हणून, ते स्वतःच लिहून देतं. मला सर्वांत उपयोगी पडली ती तात्पुरत्या नावाची सोय: मोठी फाइल जात असताना तिच्या नावापुढे 'फाइलपार्ट' लागतं आणि पूर्ण पोचल्यावरच खरं नाव येतं. आधी छापखान्यातले भाई अर्धी आलेली पीडीएफ उघडायचे आणि 'बेन, पानं कोरी आहेत' म्हणून फोन यायचा. तो फोन बंद झाला. फायलींची नावं देवनागरीत असतील तर बॅच फाइलच्या (विंडोजच्या आज्ञा लिहिलेली फाइल) सुरुवातीला कोडपेज, म्हणजे अक्षरं कशी वाचायची ते ठरवणारा क्रमांक, ६५००१ करून घ्या, नाहीतर 'पत्रिका' नावाचं फोल्डर सापडतच नाही. यात माझा एक अख्खा रविवार गेला.

बॅकअपसाठी शेवटी रेस्टिक या कमांडने चालणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर आले. ते प्रत्येक वेळची स्थिती वेगळी जपतं, पण बदललेले तुकडेच नव्याने लिहितं. त्यामुळे रोजचा बॅकअप घेऊनही डिस्क भरत नाही. सगळं पासवर्डने कुलूपबंद असतं. मी सात रोजच्या, चार आठवड्यांच्या आणि बारा महिन्यांच्या प्रती ठेवते. जानेवारीत एका पत्रिकेवर दुसरी पत्रिका सेव्ह झाली. तीन आठवड्यांपूर्वीची प्रत काही मिनिटांत परत आली. राजमहाल रोडवरून आलेल्या आजी समोर बाकावर बसलेल्या होत्या, त्यांना काही कळलंही नाही.

विंडोजवर रेस्टिकचा बॅकअप ड्राइव्हसारखा उघडून बघता येत नाही, ही मोठी उणीव. फाइलचा मार्ग देऊनच परत आणावी लागते. ज्यांना कमांडऐवजी खिडकी आणि बटणं हवीत त्यांच्यासाठी बॅकरेस्ट नावाचा, ब्राउझरमध्ये उघडणारा मोफत वेब-चेहरा आहे. दुकानातल्या मुलासाठी मी तो बसवला आणि आता तो स्वतः फायली परत आणतो.

दुसरी प्रत दुकानाबाहेर हवीच होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कित्येकांच्या दुकानातली डिस्क आणि कॉम्प्युटर एकाच वेळी पाण्यात गेले. मांजलपूरला माझ्या बहिणीकडे जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, रेस्टिकचाच मोफत रेस्ट-सर्व्हर (इंटरनेटवरून आलेल्या प्रती साठवून घेणारा प्रोग्राम) बसवला आणि त्याला 'फक्त भर घाल, पुसू नकोस' अशा रीतीने चालवलं. म्हणजे दुकानातल्या मशिनला व्हायरस लागला तरी तिथल्या जुन्या प्रती इथून पुसता येत नाहीत. जुन्या प्रतींची छाटणी बहिणीकडच्या मशिनवर बसूनच करते. पहिला ४०० जीबीचा बॅकअप इंटरनेटवरून पाठवलाच नाही. दुकानात डिस्कवर घेतला आणि स्कूटरवरून नेला. आता रोज जेमतेम एक-दोन जीबी जातात.

काम न झाल्याचं कळण्यासाठी हेल्थचेक्सची मोफत सेवा वापरते. बॅकअप यशस्वी झाला की स्क्रिप्ट तिथे एक हाक देते. ठरलेल्या वेळेत हाक गेली नाही तर मला ईमेल येतो. लॅपटॉप बंद राहिला, वीज गेली, कारण काहीही असो, ईमेल येतोच, कारण तो पाठवणारं मशिन आमचं नाही. आतापर्यंत असे सहा ईमेल आले. चार वेळा लॅपटॉप बंद होता, एकदा डिस्कची वायर सैल होती, एकदा बहिणीने झाडताना प्लग काढला होता. टास्कमध्ये 'चुकलेली वेळ जमेल तेव्हा भरून काढ' ही खूण केल्यापासून लॅपटॉपचा त्रासही गेला. आणखी एक: 'कोणी लॉगिन नसतानाही चालव' असं ठेवलंत तर नेटवर्कच्या फोल्डरचं झेड ड्राइव्हसारखं अक्षर त्या टास्कला दिसत नाही; पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एक फोल्डर परत आणून त्यातली एक फाइल खरोखर उघडते, फॉन्टसकट. रेस्टिकला साठ्यातला पाच टक्के डेटा वाचून तपासायलाही लावते. अर्धा तास जातो.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर कोणीही काहीही करू शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून दोन जागी ठेवला आहे: एक बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरा सासूबाईंच्या देवघरातल्या डब्यात. तो कसला कागद आहे हे त्यांना नीट समजावून सांगितलं आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी तो स्वतः पुसून परत जागेवर ठेवला.