तोफेवर गेलेले कान आणि कराडचं मशीनचं दुकान

माझे कान वयानं गेलेले नाहीत. मी तोफखान्यातला. १९९९ ला द्रासला बोफोर्सच्या १५५ मिलिमीटर तोफेवर होतो. १४० डेसिबलच्या वरचा धमाका एका झटक्यात कानाला इजा करू शकतो. एवढ्या मोठ्या तोफेपाशी हा आकडा १७० च्याही पुढं जातो. आमच्यासारख्यांना ऐकण्याचं मशीन निवडताना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

आधी एका दुकानात (नाव घेत नाही) तपासणी न करताच यंत्र कानात बसवलं आणि विचारलं, "येतंय ना ऐकू?" येत होतं की! पण सगळंच मोठं. घरात भांडं पडलं तरी डोकं ठणकायचं, आणि माणसांचं बोलणं पहिल्यासारखंच अर्धवट.

मग कराडच्या दुकानात गेलो. तिथं तपासणाऱ्या मॅडमनी आधी कानाचा पडदा बघितला. स्फोटानं तो फाटतोही. माझा शाबूत निघाला. मग बंद खोलीत बसवून किती ऐकू येतं त्याचा आलेख काढला. खालच्या पट्टीतले आवाज मला नीट येतात, ४००० हर्ट्झजवळ मात्र रेघ विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली. म्हणजे ढोल ऐकू येतो. स, श, फ गायब. मंडईत बाई "साठ" म्हणायची, मला "आठ" ऐकू यायचं, आणि दहाची नोट पुढं केली की भांडण! मॅडम म्हणाल्या, "मामा, आतल्या केसांसारख्या पेशी मेल्या की परत उगवत नाहीत. मशीन चालणार ते उरलेल्यांच्या जिवावर." विकायला बसलेला माणूस असं तोंडावर सांगतो का कधी?

महागडं मॉडेल गळ्यात मारलं नाही. मधलंच दिलं, दोन्ही कानांना. बारीक आवाज तेवढे वाढवले आणि मोठ्या आवाजाला वरून लगाम घातला. आमच्या कानांना नेमकं हेच लागतं. नंतरही बोलावून सेटिंग बदलून दिलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता नात शाळेतलं सांगते ते कळतं. फोनवरचंही बऱ्यापैकी. लग्नात डॉल्बी सुरू झाला की मात्र मशीन काढून खिशात. कानातली शिट्टी दिवसा मागं पडते, रात्री मशीन काढलं की आहेच.

तक्रारी आहेत. जिना उभा, लिफ्ट नाही. ३१२ नंबरचे सेल आठवडाभरात संपतात. स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यावी आणि मग बसवावेत. पावसाळ्यात मशीनला दमटपणा बाधतो, त्यासाठी सुकवायची डबी मिळते. ती मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

पाचपैकी चार. माजी सैनिकांनी खिशात हात घालण्याआधी ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत) चौकशी करावी. आणि जुना आलेख असेल तर बरोबर न्या, मॅडम दोन्ही शेजारी ठेवून बघतात.