अनुभवी अग्निशामकांना प्रमाणपत्राच्या अटीतून वगळावे का: तीन पर्यायांची तुलना

कारखान्याच्या सुरक्षा समितीत, हॉटेलच्या व्यवस्थापनात किंवा भरतीचे नियम ठरवणाऱ्या कार्यालयात बसलेल्या माणसासमोर हा प्रश्न बहुधा एकाच रूपात येतो. आग विझवण्याचे काम करणाऱ्या प्रत्येकाकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेच पाहिजे असे ठरले, तर वीस वर्षे हेच काम करीत आलेल्या माणसाचे काय करायचे? त्याला पुन्हा वर्गात बसवायचे, त्याची फक्त परीक्षा घ्यायची, की त्याची सेवा हेच त्याचे प्रमाणपत्र मानायचे? डिसेंबर 2025 मध्ये हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत 25 जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला. त्यानंतर गोव्यात हा निर्णय पुढे ढकलत राहणे कोणालाही परवडणारे नाही. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षे सुरक्षा विभागात काम केले आहे. या विषयात मी तटस्थ नाही, आणि माझा कल कुठे आहे ते पुढे स्पष्ट होईलच.

पर्याय तीन आहेत. पहिला पूर्ण सुटीचा: ठरावीक वर्षांची सेवा झालेल्यांना प्रमाणपत्राची अट लागू करायची नाही. दुसरा पूर्ण सक्तीचा: नवा असो वा जुना, प्रत्येकाने संपूर्ण अभ्यासक्रम करायचा. तिसऱ्यात अनुभवी माणसाला वर्गातून सूट मिळते, परीक्षेतून मिळत नाही.

पहिल्या पर्यायाची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेने अग्निशामकांच्या व्यावसायिक पात्रतेचे 1001 क्रमांकाचे मानक 1974 मध्ये प्रथम काढले. हे मानक स्वतः कायदा नाही, त्यामुळे ते स्वीकारायचे की नाही आणि किती, हे तिथले प्रत्येक राज्य ठरवते. काही राज्यांनी प्रमाणपत्र बंधनकारक करताना आधीपासून सेवेत असलेल्यांना वगळले. त्यामागचे कारण व्यवहाराचे होते. तिथले सुमारे दोन तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत आणि दिवसभर आपापला उद्योग सांभाळून ते हे काम करतात. त्यांच्यावर शेकडो तासांचा अभ्यासक्रम लादला, तर लहान गावांतली दले ओस पडतील, अशी भीती होती. आपल्याकडे चित्र निराळे आहे. अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत येते आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. गोव्याचा कायदा 1986 चा आहे, तर अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय व्यवस्था 1956 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाभोवती नागपुरात उभी राहिली. खासगी आस्थापनेतल्या फायरमनच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष निर्णय बहुतेक वेळा स्थानिक व्यवस्थापकाच्याच हाती उरतो.

पूर्ण सुटीच्या बाजूने बोलणारे लोक अनुभवाविषयी जे सांगतात, ते खरे आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी आगीच्या ठिकाणी आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. हे अधिकारी चार उपाय समोर मांडून त्यांची तुलना करीत बसत नाहीत, असे त्यांना आढळले. समोरचे दृश्य पूर्वी पाहिलेल्या कोणत्या तरी प्रसंगासारखे वाटते आणि त्या ओळखीतून पहिली कृती थेट सुचते. धुराचा रंग, दाराला लागणारी आच, नको तिथे पसरलेली शांतता, या गोष्टी पुस्तक वाचून अंगी येत नाहीत. गोव्यात तर अनुभवाला भूगोलाचीही जोड असते. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे पेटले, तेव्हा हवाई दल आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले. पण उतारावर वारा कोणत्या वेळी फिरतो आणि काजूच्या बागेतला सुका पाला कसा पेटत जातो, हे जमिनीवरून चालणाऱ्या माणसालाच ठाऊक असते. कोणत्या वाड्यात वॉटर टेंडर, म्हणजे पाण्याचा बंब, वळत नाही आणि एप्रिलमध्ये कोणत्या विहिरीला पाणी असते, हे कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. हडफडे येथे अरुंद वाटेमुळे बंब दूर उभे करावे लागले, हे आठवले की या ज्ञानाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

तरीही पूर्ण सूट देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. अनुभव बरोबर धडे देतो तसेच चुकीचेही देतो, आणि दोन्ही धड्यांवर माणसाचा विश्वास सारखाच बसतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आजच्या घरांतल्या सामानात सापडते. अमेरिकेतील यूएल या चाचणी संस्थेने दोन सारख्या खोल्या पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचे लाकूड-कापसाचे फर्निचर होते, दुसरीत आजचे फोम आणि कृत्रिम धाग्यांचे. जुन्या खोलीत फ्लॅशओव्हर, म्हणजे संपूर्ण खोली एका क्षणात पेटण्याची अवस्था, यायला तीस मिनिटांच्या आसपास लागली. नवी खोली चार मिनिटांच्या आत त्या अवस्थेला पोचली. पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसाच्या मनातले घड्याळ पहिल्या खोलीचे असते, आणि आज कळंगुटच्या हॉटेलात किंवा पर्वरीच्या सदनिकेत त्याला जावे लागते ते दुसऱ्या खोलीत. शिवाय अशी आग बंद खोलीतली हवा संपवून वाट पाहत राहते. दार उघडले की तिला हवा मिळते आणि ती भडकते. ‘बाहेरून पाणी मारले तर आग आतल्या माणसांकडे ढकलली जाते’ ही समजूत कित्येक पिढ्या अनुभवी जवानांनी नव्यांना शिकवली. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर तिथल्या अग्निशमन दलाने संशोधकांसोबत खऱ्या घरांत चाचण्या घेतल्या, तेव्हा ही समजूत टिकली नाही. बाहेरून नेमका मारलेला पाण्याचा फवारा आतले तापमान खाली आणतो आणि आत जाणाऱ्यांना त्याचा फायदा होतो, असे दिसले. ज्यांनी तीस वर्षे उलट शिकवले होते, त्यांच्या हाताखाली आगी विझल्या नव्हत्या असे नाही. आग विझली की वापरलेली पद्धत बरोबर ठरते, मग ती त्या पद्धतीमुळे विझलेली असो वा तिला न जुमानता.

जून 2007 मध्ये अमेरिकेतील चार्ल्सटन येथे फर्निचरच्या दुकानाच्या आगीत नऊ अग्निशामक गेले. त्यांतील काहींची सेवा तीस वर्षांच्या आसपास होती. पुढच्या चौकश्यांत घटनास्थळावरील नियंत्रण, पाणीपुरवठा, हवा खेळवण्याची पद्धत आणि प्रशिक्षण यांतल्या उणिवा पुढे आल्या. शौर्य किंवा अनुभव त्या दिवशी कमी पडला, असे कोणी म्हणू शकत नाही.

श्वसनयंत्राचा, म्हणजे जवानांच्या बोलण्यातल्या ‘बीए सेट’चा, मुद्दा मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने सुमारे 1800 लिटर हवा मावते. मिनिटाला 40 लिटर हवा लागते असे धरले, तर ती 45 मिनिटे पुरते, आणि बहुतेकांच्या डोक्यात हाच आकडा बसलेला असतो. पण होज, म्हणजे पाण्याची लांब नळी, ओढत जिना चढणारा माणूस मिनिटाला 80 लिटर हवाही सहज घेतो, म्हणजे त्याची हवा बावीस मिनिटांत संपते. इशाऱ्याची शिट्टी साधारण 55 बारला वाजते. त्या वेळी उरलेली हवा अशा श्रमात जेमतेम चार मिनिटांची असते, आणि आत जायला सात मिनिटे लागली असतील तर बाहेर यायला ती पुरत नाही. आमच्याकडच्या एका सरावात सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्याने हे गणित साफ चुकवले होते. मी त्यांना मनापासून मानत असे आणि आजही मानतो. त्यांची चूक त्या दिवशी उघड झाली ती केवळ सराव होता म्हणून. परीक्षेत हे गणित विचारले जाते, तर नुसत्या सेवेत ते कोणी विचारीलच असे नाही.

आरोग्याबाबतचे ज्ञानही मधल्या काळात बदलले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाच्या कामात होणाऱ्या घातक घटकांच्या संपर्काला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले. काजळीने माखलेला गणवेश मिरवण्याची जुनी सवय आज सोडावी लागते. आग विझल्यानंतर राख उपसतानाही मास्क चेहऱ्यावर ठेवावा लागतो, आणि जुन्या माणसांना हे पटवणे सर्वांत अवघड जाते.

गोव्यापुरता एक मुद्दा वेगळा सांगायला हवा. आपल्याकडचा अनुभव तालुक्यागणिक बदलतो. वाळपईच्या जवानाची वर्षे पावसाळ्यात पडलेली झाडे कापण्यात, विहिरीत पडलेली गुरे काढण्यात आणि उन्हाळ्यात वणवे विझवण्यात जातात. वास्कोच्या जवानाच्या वाट्याला बंदर, टाक्या आणि रासायनिक टँकर येतात. जानेवारी 2018 मध्ये चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटून वायू पसरला आणि आसपासच्या रहिवाशांना घराबाहेर काढावे लागले. द्रवरूप अमोनिया उणे 33 अंश सेल्सिअसला उकळतो. हवेत पसरणाऱ्या वाफेवर पाण्याचा पडदा धरला तर ती पाण्यात विरघळते, पण जमिनीवर साचलेल्या द्रवावर पाणी मारले तर त्याची वाफ उलट अधिक वेगाने होते. आयुष्यभर ‘आधी पाणी मारा’ हे शिकलेल्या हाताला तिथे थांबवावे लागते. पिळर्ण येथे जानेवारी 2023 मध्ये रंगाच्या कारखान्याला लागलेली आग हेही अशाच प्रकारचे आव्हान होते. वाळपईहून बदली होऊन वास्कोला आलेल्या माणसाची वीस वर्षे मोजताना ती कोणत्या कामाची वीस वर्षे आहेत, हे विचारणे त्याचा अपमान नव्हे. सुटीचा निकष वर्षांवर ठेवणारा नियम मात्र हे विचारतच नाही. याच कारणासाठी, सूट द्यायचीच असेल तर ती सेवेच्या वर्षांवर देऊ नये. कोणत्या प्रकारच्या किती घटनांत प्रत्यक्ष कोणते काम केले, याच्या नोंदींवर ती द्यावी.

आता पूर्ण सक्तीकडे वळू. तिचा फायदा एकच आहे आणि तो छोटा नाही: सर्वांना एकच नियम, त्यामुळे वशिल्याला वाव राहत नाही. पण तिची किंमत मोठी आहे. होज कसा गुंडाळावा आणि शिडी कशी लावावी हे शिकायला अनुभवी माणसाला नव्या उमेदवारांबरोबर आठवडेच्या आठवडे बसवले, तर केंद्रावर माणसे कमी पडतात आणि त्याचा स्वाभिमानही दुखावतो. त्यातही मोठा अडथळा लेखी परीक्षेचा आहे. ज्येष्ठ जवानांशी मोकळेपणाने बोलले की कळते, त्यांची भीती कामाची नाही, इंग्रजीतल्या प्रश्नपत्रिकेची आहे. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यानुसार कोंकणी ही राजभाषा आहे आणि मराठीचा वापरही शासकीय कामांसाठी करता येतो. ज्या भाषेत माणूस आगीच्या ठिकाणी आदेश घेतो आणि देतो, त्याच भाषेत त्याची तोंडी परीक्षा घेणे हा न्याय आहे. कित्येक ठिकाणी ‘अनुभवी माणसांना सूट द्या’ या मागणीच्या मुळाशी हीच अडचण असते. ती दूर केली तर सुटीची मागणी पुष्कळशी मावळेल, असा माझा अंदाज आहे.

खर्चात तिसरा पर्याय दोघांच्या मधला पडतो आणि त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

माझी शिफारस तिसऱ्या पर्यायाचीच आहे. केंद्राच्या कौशल्यविकास योजनेत पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची पद्धत 2015 नंतर रूढ झाली आहे, तेव्हा ही कल्पना इथे नवी नाही. नोंदी समाधानकारक असतील तर होज, ब्रँच (होजच्या टोकाची फवाऱ्याची तोटी), शिडी, पंप, गाठी आणि प्राथमिक शोधकार्य यांच्या वर्गातून अनुभवी माणसाला पूर्ण सूट द्यावी आणि एका दिवसाच्या प्रात्यक्षिकावर त्याची परीक्षा घ्यावी. श्वसनयंत्र, धुरातील हालचाल, घातक रसायने, विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्या आणि वैद्यकीय तपासणी या बाबींत मात्र पदाने कितीही मोठ्या माणसाला सूट देऊ नये. वैद्यकीय तपासणी सर्वांत आधी ठेवावी. अमेरिकेत अग्निशामकांच्या कर्तव्यावरील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण वर्षानुवर्षे हृदयविकार हेच राहिले आहे, आणि वाढत्या वयाबरोबर तो धोका वाढतो. लिथियम बॅटरी विझल्यासारखी दिसूनही काही तासांनी पुन्हा पेट घेऊ शकते. पंधरा वर्षांपूर्वी शिकलेल्यांपैकी बहुतेकांनी हे कधी पाहिलेले नसते, त्यामुळे हा भाग त्यांना शिकवावाच लागतो.

पूर्ण सूट योग्य ठरेल अशी एकच जागा मला दिसते. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेला माणूस यापुढे धुरात जाणार नसेल आणि पंप चालवणे, पाणीपुरवठा पाहणे किंवा नव्यांना स्थानिक रस्ते, विहिरी आणि जुन्या इमारती दाखवणे हेच त्याचे काम असेल, तर त्याला परीक्षेला बसवण्यात अर्थ नाही. मात्र त्याच्या कामाची ही मर्यादा लेखी आदेशात असली पाहिजे. मनुष्यबळ कमी पडले की सर्वांत आधी त्यालाच आत पाठवले जाते, हे मी पाहिले आहे.

तिसरा पर्याय निवडला तर वेळापत्रक ऋतू पाहून आखावे. जून ते सप्टेंबर पडझडीच्या फोनांत जातो आणि फेब्रुवारीपासून काजूच्या पट्ट्यात वणव्यांचे दिवस सुरू होतात. नोंदींची छाननी आणि वैद्यकीय तपासणी पावसाळ्यात करावी, श्वसनयंत्र आणि रसायनांचे छोटे वर्ग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावेत, आणि प्रात्यक्षिक परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपावी, म्हणजे नाताळ आणि नववर्षाची गर्दी किनाऱ्यावर उतरण्याआधी प्रत्येक पाळीत श्वसनयंत्राची परीक्षा उत्तीर्ण झालेली किमान दोन माणसे असतील.