मुतखड्यावरील क्लिनिकल अभ्यासात सहभाग की नेहमीचे उपचार?

खडा मूत्रवाहिनीत अडकला असेल आणि सोबत ताप, थंडी किंवा लघवी बंद होणे यांपैकी काही असेल, तर तुलनेचा प्रश्नच उद्भवत नाही; आधी तातडीचे उपचार. निवड करावी लागते ती वरचेवर खडे होणाऱ्या, पण सध्या त्रास नसलेल्या रुग्णाला, कारण सहसा त्यालाच प्रतिबंधक औषधाच्या अभ्यासाविषयी विचारले जाते.

नेहमीच्या उपचारात यूरॉलॉजिस्ट तुमच्या तपासण्या पाहून औषध ठरवतात, ते लागू पडले नाही तर बदलतात. औषधाच्या अभ्यासात बहुधा कोणाला औषध आणि कोणाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी मिळणार हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते, आणि ते अनेकदा डॉक्टरांनाही ठाऊक नसते. निष्क्रिय गोळी वाट्याला येण्याची धास्ती स्वाभाविक असली, तरी माझ्या मते ती थोडी अवाजवी आहे. खडे पुन्हा होऊ नयेत म्हणून हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध कित्येक वर्षे दिले जात होते; स्वित्झर्लंडमधील ४१६ रुग्णांवरील अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा निष्क्रिय गोळीच्या तुलनेत त्याचा ठळक फायदा दिसला नाही. याउलट इटलीतील १९९६ च्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्या गटात पाच वर्षांत सुमारे १२ टक्के रुग्णांना पुन्हा खडा झाला, तर दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. पाण्याचा हा उपाय दोन्ही वाटांवर खुला आहे.

खरा फरक पडतो तो वेळेत आणि शिस्तीत. चोवीस तासांची लघवी साठवताना सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली साठवणीत घ्यायची असते. नवी मुंबईत रबाळे-महापेला पाळीत काम करणाऱ्याला किंवा ठाण्याहून रोज लोकलने जाणाऱ्याला हे सुट्टीच्या दिवशीच जमेल. नेहमीच्या उपचारातही ही तपासणी सांगितली जाते, परंतु चुकवली तर कोणी फोन करत नाही. अभ्यासात फोन येतो, आणि काहींना तेच हवे असते. सीटी स्कॅन किती वेळा होणार, हे मात्र किरणोत्सर्गाच्या दृष्टीने आधीच विचारावे.

पैशाचा हिशेबही निराळा आहे. खासगी दवाखान्यात तपासण्यांचा खर्च तुमचा. अभ्यासात कोणत्या तपासण्या विनाशुल्क आहेत आणि प्रवासखर्च मिळतो का, हे संमतिपत्रात शोधावे. नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाल्यास वैद्यकीय उपचार मोफत मिळण्याची आणि इजा चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास भरपाईची तरतूद भारतातील औषधचाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत आहे. कारण न देता मध्येच बाहेर पडता येते, आणि त्याची शिक्षा म्हणून पुढील उपचार थांबवता येत नाहीत.

मराठीतील संमतिपत्र घरी नेऊन वाचू देण्यास जो केंद्रचालक टाळाटाळ करील, त्याच्या अभ्यासात जाऊ नये. कुळथाचा काढा किंवा पानफुटीची पाने चालू असतील, तर दोन्हीकडे ते उघडपणे सांगावे. अभ्यासात ती बंद करण्यास सांगितले जाऊ शकते, आणि ज्याला ते मान्य नाही त्याने नाव न नोंदवणेच बरे.