हार्मोन जागचं हलू नये म्हणून: पॅराफिन, ड्राय-माउंट की थॉ-माउंट?

पुण्यातल्या बऱ्याच प्रयोगशाळांत पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेलं ऊतक) करण्यात हात बसलेले असतात, म्हणून ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेल्या इस्ट्राडिऑल या हार्मोनच्या ऑटोरेडिओग्राफीसाठीही, म्हणजे ते ऊतकात कुठे आहे हे फोटोसारखं उमटवून पाहण्यासाठीही, पहिला मोह तोच. तो आवरा. त्यात आधी ऊतक फिक्स करणारं फॉर्मॅलिन प्रथिनं बांधतं. इस्ट्राडिऑल मात्र रिसेप्टरला (त्याला धरणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला) रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. पुढच्या अल्कोहोल-झायलीनमध्ये ते बहुतांश धुऊन जातं. उरलेलं जागेवरून सरकलेलं असू शकतं, हे जास्त वाईट, कारण स्लाइडवर तेही खरंच वाटतं.

निवड उरते ती ड्राय-माउंट आणि थॉ-माउंट यांत. दोन्हींत ऊतक फिक्स न करता गोठवतात, तेही द्रव नायट्रोजनने गार केलेल्या प्रोपेनमध्ये किंवा आयसोपेंटेनमध्ये. थेट नायट्रोजनमध्ये बुडवलं तर भोवती वायूचा थर धरतो, गोठणं मंदावतं आणि बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. ट्रिशियमचे बीटा कण ऊतकात जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर जातात, त्यामुळे पातळ काप इमल्शनला (कणांची प्रतिमा टिपणाऱ्या फोटोग्राफिक थराला) चिकटूनच हवा.

1960 च्या दशकात वॉल्टर स्टुम्फ यांनी पुढे आणलेल्या ड्राय-माउंटमध्ये गोठलेले काप निर्वातात वाळवून कोरड्या इमल्शनवर दाबतात. पाण्याचा स्पर्शच नाही, म्हणून मोकळ्या, न बांधलेल्या हार्मोनसाठी हीच पद्धत. पण वाळलेला काप श्वासानेही उडतो आणि जुलैतल्या पुण्याच्या हवेत लगेच ओल धरतो. डीह्युमिडिफायर नसेल तर पावसाळ्यात हात घालू नका.

थॉ-माउंटमध्ये इमल्शन लावलेली स्लाइड क्रायोस्टॅटच्या (गोठलेलं ऊतक कापणाऱ्या यंत्राच्या) सुरीवरच्या कापाला टेकवली की तो वितळून चिकटतो. त्या क्षणी हार्मोनचं थोडं विसरण (पसरणं) होऊ शकतं, तरी रिसेप्टरला बांधलेलं इस्ट्राडिऑल केंद्रकात स्पष्ट दिसतं. तुमचा प्रश्न तेवढाच असेल तर मी थॉ-माउंटच घेईन. अडचण वेगळीच: क्रायोस्टॅट डार्करूममध्ये हवा, आणि सामायिक यंत्र बहुधा उजेडातल्या खोलीत असतं. आधी ते विचारून या.

नंतर स्लाइड सिलिका जेलसह थंडीत, कित्येक आठवडे ते महिने. ओल लागली तर उमटलेली प्रतिमा डेव्हलप करण्याआधीच पुसट होते. सोबत किरणोत्सारी नसलेल्या ऊतकाचा काप ठेवाच, शिवाय बिनलेबलचं (ट्रिशियम नसलेलं) हार्मोन भरपूर देऊन सिग्नल उतरतो का तेही पाहा. आणि फक्त रिसेप्टर कुठे आहे एवढंच हवं असेल, तर अँटिबॉडी वापरा. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, कचऱ्याची नोंद, सगळंच टळतं.